ठराविक काळाचे पाहुणे

आमच्या घरात एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात फुलाफुलांची एक चादर, दोन उशांचे अभ्रे आणि सहा कपबशा आहेत. घर माझं, पेटी माझी, कपबशाही माझ्याच पैशाने आणलेल्या. पण त्या कपातून मी आजवर दोनदाच चहा प्यायलोय, आणि तोही पाहुण्यांना सोबत म्हणून. ती चादर दिवाणावर पडली की गल्लीतल्या पोरांनाही कळतं, मामू येणार.

मामू मुंबईला असतात. नानांचं घर विकलं तेव्हा अम्मीच्या हिश्शाचे पैसे मामूंच्या धंद्यात राहिले. कागद झाला नाही, शब्द झाला. दरवर्षी हिवाळ्यात येईन, काही दिवस राहीन, हिशेब दाखवीन आणि तुझं जे निघेल ते देऊन जाईन. मामू शब्दाचे पक्के आहेत, दरवर्षी येतात. सुरुवातीला पंधरा दिवस राहायचे. मग आठ झाले, मग चार. गेल्या हिवाळ्यात सकाळच्या गाडीने आले, दुपारी जेवले, संत्र्यांची पेटी बांधून घेतली आणि रात्रीच्या गाडीने परत गेले. हिशेबाचं काय, असं अम्मीने विचारलं तर म्हणाले, "अगली बार इत्मिनान से बैठेंगे, आपा." बेगमने चादर धुतली, घडी केली, पेटीत ठेवली.

आता तुम्ही म्हणाल, हे तुमच्या घरचं, आम्हाला कशाला सांगता? तर वाचकहो, सांगायचं कारण डिसेंबर. डिसेंबर आला की आमचं सगळं नागपूर ही पेटी उघडतं.

नोव्हेंबर संपत आला की सिव्हिल लाइन्समध्ये रंगाचे डबे उतरतात. दुभाजकांना काळे-पिवळे पट्टे मिळतात. जे खड्डे पावसाळ्यापासून आपापल्या जागी सुखाने नांदत होते, ते एका रात्रीत बुजतात. रविभवन, नागभवन, आमदार निवास इथे गाद्या झटकल्या जातात, गिझर दुरुस्त होतात, पडदे बदलतात. रामगिरी आणि देवगिरी हे दोन बंगले उजळतात. मग विमानं भरून माणसं येतात, कागदपत्रांच्या गाड्या येतात, पोलिसांच्या गाड्या येतात. रात्री तर्री पोहे, हुरडा आणि सावजीवर चर्चा होतात. आणि तुम्ही-आम्ही वळसा घालून कामावर पोचेपर्यंत बातमी येते, अधिवेशनाचं सूप वाजलं. चादर धुतली, घडी केली, पेटीत ठेवली.

आमच्या गल्लीतून मंत्र्याची गाडी जात नाही, त्यामुळे आमचा खड्डा या सोहळ्यात सहभागी होत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पाहुणे येणार म्हटल्यावर समोरची खोली झाडायची आणि कचरा मागच्या खोलीत लोटायचा, ही रीत आमच्या घरातही आहे. माझी तक्रार वेगळीच आहे. पाहुणे येतात कशाला, हे आपण विसरलो आहोत. पाहुण्यांना तर ते विसरायचंच होतं.

हे अधिवेशन नागपूरवर केलेली मेहेरबानी नाही. थंडीत संत्री खायला आमदारांना बोलवावं, असं कोणी ठरवलं नव्हतं. तो एका कराराचा भाग आहे. नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती. इथे विधिमंडळ होतं, सचिवालय होतं, हायकोर्ट होतं. मराठी माणसांचं एक राज्य करायचं तर विदर्भाला ही राजधानी सोडावी लागणार होती. माणूस घर सोडतो तेव्हा काही तरी लिहून मागतो. म्हणून २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. पश्चिम महाराष्ट्राकडून यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे. विदर्भाकडून रामराव देशमुख, रा. कृ. पाटील, मराठवाड्याचेही नेते होते. अकरा कलमं झाली. पैसा लोकसंख्येच्या प्रमाणात वाटला जाईल, नोकऱ्यांत आणि तांत्रिक शिक्षणाच्या जागांत वाटा मिळेल, हायकोर्टाचं खंडपीठ नागपुरात राहील. आणि शासन दरवर्षी ठराविक काळासाठी अधिकृतपणे नागपूरला मुक्काम हलवील, विधिमंडळाचं किमान एक अधिवेशन इथे होईल.

पुढे १९५५ साली फाजल अली आयोगाने तर विदर्भाचं वेगळं राज्य करा अशी शिफारसच केली होती. ती बाजूला राहिली आणि विदर्भ आधी १९५६ला द्विभाषिक मुंबई राज्यात, मग १९६०ला महाराष्ट्रात आला. आला तो या कराराच्या शब्दावर. त्याच १९६०पासून नागपुरात अधिवेशन भरू लागलं.

आता त्या कलमातले दोन शब्द पुन्हा वाचा. "ठराविक काळ." किती दिवस? लिहिलेलं नाही. मामूंनी अम्मीला सांगितलं होतं ना, काही दिवस राहीन? तेच हे. करार करणाऱ्यांना वाटलं असेल, भल्या माणसांत आकडा कशाला लिहायचा. आकडा न लिहिण्याची किंमत आपण दरवर्षी डिसेंबरात मोजतो.

हिशेब करून पाहा. २०१९ साली अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर, म्हणजे सहा दिवस. २०२० आणि २०२१ साली करोनाच्या काळात नागपुरात झालंच नाही, मुंबईत उरकलं. २०२२ला १९ ते ३० डिसेंबर, २०२३ला ७ ते २० डिसेंबर, सुट्ट्या धरून. २०२४ला पुन्हा १६ ते २१. २०२५ला ८ ते १४ डिसेंबर, शनिवार-रविवार धरून सात दिवस. यात सगळ्या पक्षांची सरकारं येऊन गेली. सहा दिवसांचं एक अधिवेशन एका आघाडीने केलं, दुसरं दुसऱ्या युतीने. तेव्हा कोणत्याही पक्षाच्या भक्ताने माझ्यावर धावून येऊ नये. मी सगळ्यांच्याच मामूंबद्दल बोलतोय.

सहा दिवसांत होतं काय? पहिला दिवस शोकप्रस्ताव आणि कागद मांडण्यात जातो. पुरवणी मागण्या मंजूर करून घ्यायच्या असतात, विधेयकं असतात, गोंधळ असतो, तहकुबी असते. विदर्भाची चर्चा बहुतेक वेळा शेवटी येते, आमदारांच्या बॅगा भरलेल्या असतात तेव्हा. विधिमंडळात विरोधी पक्षाकडून येणारा "अंतिम आठवडा प्रस्ताव" नावाचा एक प्रकार असतो. ज्या अधिवेशनाला आठवडा एकच, त्यात पहिला आठवडा कोणता आणि अंतिम कोणता, हे सांगणाऱ्याला मी त्या सहा कपांपैकी एका कपातून चहा पाजीन.

२०२४चं अधिवेशन तर मी नातवंडांना सांगायला राखून ठेवलंय. १५ डिसेंबरला नागपूरच्या राजभवनात ३९ मंत्र्यांनी शपथ घेतली. १६ला अधिवेशन सुरू झालं. २१ला संपलं. आणि खातेवाटप जाहीर झालं ते २१च्या रात्री. म्हणजे सहाही दिवस मंत्री होते, पण कोण कशाचा मंत्री, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. घरी पाहुणा यावा, त्याच्याकडे पैसे मागावेत आणि त्याने म्हणावं, पाकीट कोणाच्या खिशात ठेवायचं ते अजून ठरायचंय.

आता इथे शहाणी माणसं म्हणतात, मग बंदच करा ना हे. कोट्यवधी रुपये उडतात, वाहतूक अडते, हाती काही लागत नाही. मुंबईतले म्हणतात तर म्हणोत, हल्ली नागपुरातलेही म्हणतात. समृद्धी महामार्ग झाला, मुंबई आठ तासांवर आली, सगळं ऑनलाइन झालं, कशाला हवं नागपुरात अधिवेशन?

या मंडळींनी घरात कधी लग्नाचा मांडव घातलेला दिसत नाही. मांडवाचा, दिव्यांचा, भांड्यांचा, आचाऱ्याचा खर्च ठरलेला असतो. जेवायला चारशे माणसं आली तरी मांडव तेवढाच, चाळीस आली तरी तेवढाच. सारं सचिवालय मुंबईहून आणायचं, बसवायचं, पुन्हा न्यायचं, याचा खर्च सहा दिवसांसाठी आणि सहा आठवड्यांसाठी फारसा वेगळा नाही. वाढेल तो चहापाण्याचा. तेव्हा उधळपट्टी त्यांच्या येण्यात नाही, लगेच परत जाण्यात आहे. आमच्या बेगमला ही गोष्ट कळते. ती म्हणते, एका माणसासाठी अख्खी पेटी उपसायची, तर त्याला निदान दोन वेळचं जेवू तरी घालू.

दुसरे शहाणे म्हणतात, आता मुख्यमंत्रीच नागपूरचे आहेत, मग रडता कशाला? अहो, घरातला मुलगा मोठ्या हुद्द्यावर गेला म्हणून घराचा करार फाटत नाही. आणि विदर्भ म्हणजे काही वर्धा रोडवरची मेट्रो नव्हे. विदर्भाचे अकरा जिल्हे आहेत. गडचिरोली आणि बुलढाणा त्यात येतात, त्यांच्या गल्लीत कोणाचा मुलगा मुख्यमंत्री आहे?

करारात जे ठरलं त्याचं झालं काय, तेही बघा. १९८४ साली दांडेकर समितीने राज्याचा अनुशेष मोजला. सुमारे ३,१८७ कोटी निघाला, त्यातला सुमारे १,२४७ कोटी एकट्या विदर्भाचा. म्हणजे मामूंकडची बाकी सरकारनेच नेमलेल्या माणसांनी मांडून दाखवली. मग घटनेच्या ३७१(२) कलमाखाली १९९४ साली विदर्भ विकास मंडळ आलं. त्याची मुदत ३० एप्रिल २०२०ला संपली. संपली तेव्हा कोणाच्या घरी चूल पेटायची राहिली नाही, कोणी काळे झेंडे लावले नाहीत. तुमच्यापैकी किती जणांना ती तारीख आठवते? मलाही शोधावी लागली.

आणि गोसीखुर्द. नागपूरहून दीड-दोन तासांवर, वैनगंगेवर. २२ एप्रिल १९८८ला राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झाली तेव्हा अंदाज ३७२ कोटींचा होता. पुढे तो १८ हजार कोटींच्याही वर गेला. माझ्या घराच्या गच्चीला मिस्त्रीने चाळीस हजार सांगितले आणि साठ लागले, तर मी त्याच्याशी आठ दिवस बोललो नाही. गोसीखुर्दचा अंदाज पन्नास पटीने फुगला आणि आपण दर डिसेंबरात त्या पानावरून पुढे जातो, कारण वेळ नसतो. सहा दिवसांत वेळ असणार कसा?

आतापर्यंत मी हसत लिहिलं. पुढचं हसत लिहिता येत नाही.

अधिवेशन नागपुरात भरतं ते आमदारांनी बोलावं म्हणून, आणि लोकांनी त्यांच्यापर्यंत पोचावं म्हणूनही. गडचिरोलीच्या माणसाला मुंबई परवडत नाही. नागपूर परवडतं. तो एसटीने येतो, रेल्वेने येतो, भाकरी बांधून आणतो. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी असेच गोवारी आले होते. गुरं राखणारी माणसं. आम्हाला अनुसूचित जमातीत धरा, एवढी मागणी. विधानभवनात अधिवेशन चालू होतं आणि हे बाहेर रस्त्यावर, बायकापोरांसह, कोणीतरी येईल आणि निवेदन घेईल म्हणून वाट बघत बसले होते. लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं मेली. बहुतेक बायका आणि मुलं. आदिवासी विकास मंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. झिरो माइलजवळ स्मारक झालं, सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहिदांचं नाव दिलं. आपण त्या पुलावरून रोज जातो.

त्यांच्या मागणीचं काय झालं? २०१८च्या ऑगस्टमध्ये नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. १८ डिसेंबर २०२०ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. त्या डिसेंबरात नागपुरात अधिवेशनही नव्हतं. म्हणजे ज्या दारात ११४ माणसं गेली, ते दार त्या दिवशी बंदच होतं. कायद्याच्या बाजूने कोण बरोबर, ते मी सांगणार नाही, मी वकील नाही. पण २६ वर्षांत या माणसांना त्याच गावात बोलावून, समोर बसवून, हो किंवा नाही आणि का, हे सांगायला सरकारला एक आठवडा मिळाला नाही का?

आजही मोर्चे येतात. यशवंत स्टेडियमपासून निघतात आणि विधानभवनाच्या कितीतरी अलीकडे, टेकडी रोडला नाही तर मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला अडवले जातात. चार-दोन जणांचं शिष्टमंडळ आत जातं, कोणी मंत्री निवेदन घेतो, फोटो निघतो. अंगणवाडीच्या बाया, विनाअनुदानित मास्तर, धानवाले, संत्रावाले. अधिवेशन जितकं आखूड, तितकी ही रांग एकमेकांच्या अंगावर. आणि आपण नागपूरकर काय करतो? ट्रॅफिकला शिव्या घालतो. मोर्चेवाल्यांना घालतो, गाड्यांच्या ताफ्याला नाही.

एकदा मात्र पाहुण्यांना आपल्या घराची खरी हालत दिसली होती. २०१८ साली पावसाळी अधिवेशन नागपुरात ठेवलं. ६ जुलैला पाऊस कोसळला, विधानभवनात वीजपुरवठ्याच्या खोलीत पाणी शिरलं, दिवे गेले आणि दिवसभराचं कामकाज तहकूब झालं. तेव्हा सगळे हसले. मी म्हणतो, विदर्भाच्या प्रश्नावर तेवढं प्रामाणिक अधिवेशन दुसरं झालं नसेल. पाणी घरात आल्यावर काय होतं ते सगळ्या सभागृहाला एकाच दिवशी कळलं. फक्त तुमच्या-आमच्या घरात पाणी शिरतं तेव्हा तहकुबीची सोय नसते.

मग करायचं काय? मी काही वेगळं राज्य मागायला बसलो नाही. तो वाद मोठा आहे आणि त्यात माझ्याच घरात दोन पक्ष आहेत. माझं मागणं अम्मीच्या वहीतून आलंय.

अम्मी चौथी शिकलेली. पण तिच्याकडे एक वही आहे. त्यात मामूंनी कोणत्या साली काय कबूल केलं, ते तारखेसह लिहिलंय. मामू आले की ती आधी जेवू घालते आणि मग वही उघडते. मामूंना घाई सुटते ती त्या वहीमुळेच.

तर पहिली गोष्ट, आकडा लिहा. "ठराविक काळ" म्हणजे कामकाजाचे किमान तीस दिवस, असं कायद्यात घाला. ज्या वर्षी कमी झाले त्या वर्षीची बाकी पुढच्या वर्षी जोडा. दुसरी, पहिल्या दिवशी पहिलं काम वहीचं. गेल्या वर्षी नागपुरात सभागृहात जी आश्वासनं दिली त्यांची यादी, प्रत्येकापुढे झालं की नाही, आणि नाही तर का. विधिमंडळात आश्वासन समिती असतेच. तिचा नागपूरचा हिशेब नागपुरातच मांडा. तिसरी, विदर्भाची चर्चा पहिल्या आठवड्यात, बॅगा उघडायच्या आत. चौथी, रोज एक तास मंत्र्यांनी मोर्च्याच्या जागी स्वतः जाऊन निवेदन घ्यायचं. चारच माणसं आत नेण्यापेक्षा एक माणूस बाहेर येणं स्वस्त पडतं.

हे मुंबईचे पाहुणे आपण होऊन करणार नाहीत, हे मला कळतं. म्हणून हा लेख त्यांच्यासाठी नाहीच. तो नागपूरकरांसाठी आहे, ज्यांनी एका कराराच्या बदल्यात दोन आठवड्यांचे गुळगुळीत रस्ते घेतले आणि खूश झाले. हॉटेलवाल्यांचा धंदा होतो, टॅक्सीवाल्यांचा होतो, पानठेल्यावर मंत्री दिसतो. ठीक आहे. पण हिशेब मागायला आलेल्या पाहुण्याकडून आपण टीप घेऊन गप्प बसायचं, याला काय म्हणतात ते मला अम्मीसमोर उच्चारता येणार नाही.

काल मामूंचा फोन आला होता. या वेळी जरा गडबड आहे, एअरपोर्टवरच भेटू, म्हणाले. बेगम सवयीने पेटीकडे गेली. अम्मीने तिला हाक मारून थांबवलं. म्हणाली, चादर राहू दे. वही काढ, मी पण येते एअरपोर्टला.